वारसा-रक्षण आणि लोकसहभाग : बामियान ते खारकीव

एखादी मूर्ती, वास्तू अथवा ग्रंथ नष्ट झाला म्हणजे त्याचा वारसाही संपला, असे सामान्यतः समजले जाते. इतिहासाचा अनुभव याहून निराळा आहे. ती वस्तू अस्तित्वात असताना तिची किती माहिती, किती जणांनी आणि किती काळजीपूर्वक टिपून ठेवली होती, यावर पुढील पिढ्यांच्या हाती तिचे काय उरते हे अवलंबून असते. गेल्या पाव शतकात संगणक व इंटरनेट यांच्या साहाय्याने, परस्परांना कधीही न भेटलेल्या हजारो स्वयंसेवकांनी उद्ध्वस्त अथवा संकटग्रस्त वारशाची छायाचित्रे, मोजमापे आणि कागदपत्रे एकत्रित करण्याचे कार्य हाती घेतले आहे. या कार्याच्या इतिहासात बामियानच्या बुद्धमूर्तींना महत्त्वाचे स्थान आहे. त्यामुळे बौद्ध वाचकांनी या इतिहासाकडे केवळ कुतूहलाने पाहून चालणार नाही. या कार्याचे स्वरूप काय, त्याचे यश कशात आहे व त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्राचीन आधार

वारसा अनेकांनी वाटून घेऊन सांभाळावा, ही कल्पना बौद्ध परंपरेला नवी नाही. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली संगीती झाली. 'संगीती' या शब्दाचा अर्थच मुळी एकत्र येऊन केलेले पठण असा आहे. सुमंगलविलासिनी या अट्ठकथेनुसार या संगीतीनंतर दीघनिकाय आनंद स्थविरांकडे, मज्झिमनिकाय सारिपुत्तांच्या शिष्यांकडे, संयुत्तनिकाय महाकस्सपांकडे व अंगुत्तरनिकाय अनुरुद्धांकडे सोपविण्यात आला. पुढे त्या त्या निकायाचे पठण करणारे 'भाणक' निर्माण झाले. संपूर्ण बुद्धवचन एकाच व्यक्तीच्या स्मरणावर अवलंबून राहिले नाही. प्रत्येकाने आपला भाग सांभाळला आणि सामूहिक पठणात एकाची चूक दुसऱ्याच्या लक्षात येत राहिली. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपात राजा वट्टगामणीच्या काळी तिपिटक ग्रंथबद्ध करण्यात आले, ते या मौखिक परंपरेलाच धोका निर्माण झाला म्हणून.

महाराष्ट्रातील कार्ले येथील चैत्यगृह हे अशाच सामूहिक कार्याचे पाषाणातील उदाहरण होय. त्याच्या पूर्णतेचे श्रेय तेथील लेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीला दिलेले असले, तरी आतील अनेक स्तंभांवर निरनिराळ्या दात्यांची नावे आहेत. धेनुकाकट या ठिकाणचे अनेक यवन त्यांत आहेत. एका स्तंभावर सोपारा येथील धम्मुत्तरीय पंथाच्या सातिमित नामक भाणकाचे नाव आहे. दर्शनी भागातील लेखांत गंधद्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आणि सामी नावाचा सुतार यांच्या दानांची नोंद आहे. ज्याने दान दिले त्याचे नाव, गाव व व्यवसाय त्या दानाजवळच कोरला गेला. आज या मंडळींविषयी आपल्याला जे ज्ञात आहे, ते या नोंदींमुळेच.

दानलेखांनी उघडलेली लिपी

अशा लहान लहान नोंदींचे सामर्थ्य १८३७ साली जगापुढे आले. सम्राट अशोकाच्या लेखांची ब्राह्मी लिपी त्या काळी कोणासही वाचता येत नव्हती. कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी व एशियाटिक सोसायटीचे सचिव जेम्स प्रिन्सेप यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांत काम करणाऱ्या अधिकाऱ्यांकडून शिलालेखांचे ठसे, नकला व नाणी मागविण्याचा क्रम ठेवला होता. कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील अनेक छोट्या लेखांचे ठसे त्यांच्याकडे पाठविले. हे ठसे समोर मांडले असता त्यांतील बहुतेक लेख एकाच प्रकारच्या अक्षरांनी संपतात, असे प्रिन्सेप यांच्या ध्यानात आले. हे दानाचे लेख असावेत आणि तो अखेरचा शब्द 'दानं' असावा, असा तर्क त्यांनी केला. तो बरोबर ठरला. त्यातून लिपी उलगडली आणि देवानंपिय पियदसी राजाची वचने पुन्हा वाचता येऊ लागली. हा राजा म्हणजेच अशोक, हे ठरविण्यास सिंहलद्वीपातील जॉर्ज टर्नर यांच्या पाली ग्रंथांच्या अभ्यासाचे साहाय्य झाले.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सम्राटाचा आवाज ऐकू आला तो सामान्य उपासक-उपासिकांच्या दानलेखांमुळे. हे लेख एकेकटे घेतले असते तर त्यांतून काहीच निष्पन्न झाले नसते. ते मोठ्या संख्येने एकत्र आले, ते कोठून आले याची नोंद राहिली आणि ते जुळवून पाहणारा अभ्यासक भेटला. या तीन गोष्टींचा मेळ बसला की विखुरलेल्या साहित्यातून ज्ञान निर्माण होते. इंटरनेटच्या युगातील लोकसहभागासही नेमक्या याच तीन गोष्टी लागतात.

बामियानचा विध्वंस आणि झुरिकचे संशोधन

अफगाणिस्तानात हिंदुकुश पर्वतराजीत सुमारे २५०० मीटर उंचीवर बामियानचे खोरे आहे. तेथील कड्यात कोरलेल्या दोन उभ्या बुद्धमूर्तींपैकी मोठी ५५ मीटर व लहान ३८ मीटर उंचीची होती. कार्बन-परीक्षणानुसार त्यांचा काळ इसवी सनाच्या सहाव्या शतकाचा उत्तरार्ध ते सातव्या शतकाचा पूर्वार्ध असा येतो. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू युआन श्वांग याने त्या पाहिल्या व सुवर्णवर्णी मूर्तीचे वर्णन करून ठेवले. मूळचे बौद्ध नाव विस्मृतीत गेल्यावरही स्थानिक लोकांनी 'सलसल' व 'शाहमामा' या नावांनी या मूर्तींच्या कथा जपल्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या पथकाने १९६९ ते १९७७ या काळात तेथे दुरुस्तीचे कार्य केले होते. २६ फेब्रुवारी २००१ रोजी तालिबानचा प्रमुख मुल्ला उमर याचे मूर्तिभंजनाचे फर्मान निघाले आणि मार्च महिन्यात तोफा व सुरुंग यांच्या साहाय्याने दोन्ही मूर्ती उद्ध्वस्त करण्यात आल्या.

त्यानंतर स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील संघीय तंत्रविज्ञान संस्थेत आर्मिन ग्रून, फाबिओ रेमोन्दिनो व ली झांग या संशोधकांनी मोठ्या मूर्तीची संगणकावर पुनर्रचना करण्याचे काम अंगावर घेतले. या पद्धतीस छायाचित्रमापन म्हणतात. दोन डोळ्यांनी पाहिल्यामुळे माणसाला वस्तूच्या अंतराचा अंदाज येतो. त्याचप्रमाणे एकाच वस्तूची वेगवेगळ्या स्थानांवरून घेतलेली छायाचित्रे जुळवून तिच्या पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदूचे स्थान गणिताने काढता येते.

झुरिकच्या संशोधकांनी तीन प्रकारची छायाचित्रे वापरली. पहिला प्रकार इंटरनेटवर उपलब्ध असलेल्या छायाचित्रांचा, दुसरा एका प्रवाशाने १९६० च्या दशकात घेतलेल्या छायाचित्रांचा आणि तिसरा ऑस्ट्रियातील ग्रात्झ येथील प्रा. रॉबर्ट कोस्तका यांनी ऑगस्ट १९७० मध्ये मोजणीच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या छायाचित्रांचा. इंटरनेटवरील छायाचित्रे निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या कॅमेऱ्यांनी घेतलेली होती व त्यांविषयीची तांत्रिक माहिती उपलब्ध नव्हती. त्यांवरून मूर्तीचा स्थूल आकार तेवढा मिळाला. कोस्तका यांची छायाचित्रे संख्येने अवघी तीन होती. पण ती शास्त्रशुद्ध असल्यामुळे सर्वांत विश्वसनीय प्रतिकृती त्यांवरूनच तयार झाली. त्यातही चीवराच्या बारीक चुण्या यंत्राला आपोआप ओळखता आल्या नाहीत. त्या माणसांनी डोळ्यांनी पाहून, हाताने एकेक बिंदू मोजून भरल्या.

विध्वंसाच्या तीस वर्षे आधी घेतलेली तीन छायाचित्रे विध्वंसानंतर उपयोगी पडली. ती घेणाऱ्यास पुढील संकटाची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्यांनी आपले काम नीट केले होते, इतकेच.

मोसुलचा प्रयोग

बामियानच्या फर्मानानंतर बरोबर चौदा वर्षांनी, २६ फेब्रुवारी २०१५ रोजी, इराकमधील मोसुलच्या वस्तुसंग्रहालयात 'इस्लामिक स्टेट' संघटनेचे लोक पुरातन मूर्ती घणांनी फोडत असल्याची चित्रफीत जगापुढे आली. युरोपातील एका सांस्कृतिक-वारसा प्रशिक्षण प्रकल्पातील मॅथ्यू व्हिन्सेंट व चान्स कॉफनौर या दोन तरुण संशोधकांनी पुढील काही दिवसांतच 'प्रोजेक्ट मोसुल' नावाचा उपक्रम सुरू केला. 'या संग्रहालयाला ज्यांनी कधी भेट दिली असेल त्यांनी आपली छायाचित्रे पाठवावीत', असे आवाहन त्यांनी इंटरनेटद्वारे केले.

हा उपक्रम बामियानच्या कार्याहून एका बाबतीत निराळा होता. झुरिकमध्ये तज्ज्ञांनी उपलब्ध छायाचित्रे शोधली. मोसुलच्या बाबतीत सर्वसामान्य लोकांना कामात सहभागी करून घेण्यात आले. कोणी छायाचित्रे पाठवीत, कोणी त्यांतील मूर्ती ओळखून एकाच मूर्तीची छायाचित्रे एकत्र लावीत, कोणी मूर्तीभोवतीचा अनावश्यक भाग वगळीत, तर कोणी संगणकावर त्रिमिती प्रतिकृती तयार करीत. ज्याला जितका वेळ व जितके कौशल्य, तितके काम त्याने करावे, अशी ही रचना होती. 'मोसुलचा सिंह' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या असिरियन शिल्पाची प्रतिकृती याच मार्गाने उभी राहिली. एप्रिल २०१५ मध्ये नेपाळला भूकंपाचा तडाखा बसल्यावर तेथील वारशाकडेही उपक्रमाने लक्ष दिले. कार्याचे क्षेत्र असे वाढल्याने त्याचे नाव पुढे 'रेक्रेई' असे ठेवण्यात आले. एस्पेरांतो भाषेतील या शब्दाचा अर्थ 'पुन्हा निर्माण करणे' असा आहे.

मोसुलच्या अनुभवातून काही मर्यादाही स्पष्ट झाल्या. प्रवासी बहुधा समोरून व प्रसिद्ध वस्तूंचीच छायाचित्रे घेतो. त्यामुळे नामांकित शिल्पांची भरपूर छायाचित्रे मिळतात, तर कोपऱ्यातील लहान वस्तूंची एकही मिळत नाही. मूर्तीची मागील बाजू कोणी टिपली नसेल तर संगणकही ती निर्माण करू शकत नाही, आणि त्याने ती कल्पनेने भरली तर तो इतिहास राहत नाही. शिवाय फोडलेल्या वस्तूंपैकी काही मूळ नसून प्लास्टरच्या प्रतिकृती होत्या व त्यांची मूळ शिल्पे बगदादला सुरक्षित होती, असे तज्ज्ञांनी दाखवून दिले. छायाचित्रे कितीही जमली तरी संग्रहालयाच्या नोंदवहीची आणि जाणकाराची गरज संपत नाही, हाच याचा बोध होय.

पाल्मिरा : दोन बलिदाने

सीरियातील पाल्मिरा या प्राचीन नगरीचा इतिहास या संदर्भात विसरता येणार नाही. दमास्कसचे संगणकतज्ज्ञ बासेल खर्ताबील यांनी २००५ च्या सुमारास, म्हणजे युद्धाच्या पुष्कळ आधी, पाल्मिराच्या अवशेषांच्या त्रिमिती प्रतिकृती बनविण्यास प्रारंभ केला होता. ज्ञान सर्वांसाठी खुले असावे, या मताचे ते पुरस्कर्ते होते. मार्च २०१२ मध्ये सीरियन शासनाने त्यांना कैद केले. ते तुरुंगात असतानाच मे २०१५ मध्ये पाल्मिरा 'इस्लामिक स्टेट'च्या ताब्यात गेले. तेथील पुरातत्त्व विभागाचे चाळीस वर्षे प्रमुखपद भूषविलेले वयोवृद्ध विद्वान खालेद अल-असाद यांची ऑगस्ट २०१५ मध्ये हत्या करण्यात आली. त्याच महिन्यात बालशमिन व बेल यांची मंदिरे सुरुंगाने उडविण्यात आली. खर्ताबील यांच्या मित्रांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांचे अपुरे काम 'न्यू पाल्मिरा' या नावाने सर्वांसाठी खुले केले. त्याच सुमारास त्यांना तुरुंगातून अन्यत्र हलविण्यात आले होते. त्यांना २०१५ मध्येच मृत्युदंड देण्यात आला होता, ही वार्ता त्यांच्या पत्नीस २०१७ साली समजली.

यातील एकाचा बळी धर्मांध संघटनेने घेतला, दुसऱ्याचा स्वतःच्याच देशाच्या शासनाने. म्हणून वारशाच्या विध्वंसाचा दोष एखाद्या धर्माच्या सर्व अनुयायांवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. बामियानच्या मूर्तींच्या कथा जपणारे खोऱ्यातील रहिवासी मुस्लिमच आहेत. पाल्मिराच्या अवशेषांसाठी प्राण वेचणारे अल-असाद हेही त्याच समाजातील होते.

एप्रिल २०१६ मध्ये पाल्मिराच्या विजय-कमानीची मूळ आकारापेक्षा लहान अशी संगमरवरी प्रतिकृती लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात उभारण्यात आली. तिच्यात मूळ कोरीवकामाचा बारकावा उतरला नसल्याची टीका झाली. एका देशाच्या दुःखाचे दुसऱ्या देशात प्रदर्शन कशासाठी, असाही प्रश्न विचारण्यात आला. प्रतिकृती कोणाच्या संमतीने, कोणासाठी आणि कोणाच्या मालकीची, हा प्रश्न आजही मिटलेला नाही.

खारकीव : संकट येण्यापूर्वी

बामियान, मोसुल व पाल्मिरा येथे आधी विध्वंस झाला व नंतर कार्य सुरू झाले. २०२२ साली युक्रेनमध्ये हा क्रम बदलण्याचा प्रयत्न झाला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केल्यानंतर आठवड्याभरातच ॲना कियास, क्विन डॉम्ब्रोव्स्की व सेबास्टियन मायस्तोरोविच या तीन अभ्यासकांनी युक्रेनच्या सांस्कृतिक वारशाचे संगणकीय साहित्य वाचविण्यासाठी स्वयंसेवकांना हाक दिली. हजाराहून अधिक स्वयंसेवक पुढे आले. ग्रंथालये, संग्रहालये व अभिलेखागारे यांची संकेतस्थळे ज्या यंत्रांवर साठविलेली होती, ती यंत्रे बाँबहल्ल्यात अथवा वीज खंडित होऊन केव्हाही बंद पडण्याची भीती होती. स्वयंसेवकांनी त्यांवरील साहित्याच्या प्रती काढून अन्य देशांत सुरक्षित ठेवल्या. खारकीव येथील राज्य अभिलेखागाराच्या शंभर गिगाबाइटहून अधिक साहित्याची प्रत काढून झाली आणि थोड्याच अवधीत ते संकेतस्थळ बंद पडले. या कार्यातील अनेकांना युक्रेनियन भाषा येत नव्हती. ज्यांना येत होती त्यांनी याद्या तपासल्या, इतरांनी प्रती काढल्या. भाणकांमधील श्रमविभागणीचेच हे आधुनिक रूप म्हणता येईल.

मात्र संगणकातील प्रत अमर असते, हा समज भ्रामक आहे. यंत्रे जुनी होतात, साठवणुकीच्या पद्धती बदलतात, संस्था बंद पडतात. ताडपत्रावरील ग्रंथाची जशी ठराविक काळाने नवी नक्कल करावी लागे, तशीच संगणकीय साहित्याचीही करावी लागते. नक्कल करणाऱ्यांची परंपरा खंडित झाली की ग्रंथ गेलाच.

नावाचा प्रश्न

या सर्व इतिहासातून एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास येते. छायाचित्र घेणारा जितका महत्त्वाचा, तितकाच त्याला नाव देणारा महत्त्वाचा असतो. स्वयंसेवकाने छायाचित्राखाली जे लिहिले तेच पुढे हजारो ठिकाणी उतरते आणि कालांतराने प्रमाण मानले जाते. नाशिकजवळील बौद्ध लेण्यांचे उदाहरण घ्या. लोकव्यवहारात त्यांना 'पांडवलेणी' म्हणतात. गौतमी बलश्री हिच्या लेखात या पर्वताचे नाव 'तिरण्हु', म्हणजेच त्रिरश्मी, असे स्पष्ट कोरलेले आहे. लेण्यांशी पांडवांचा कोणताही संबंध तेथील शिलालेखांतून दिसत नाही. छायाचित्राखाली केवळ रूढ नाव लिहिले, तर दात्यांनी पाषाणात कोरून ठेवलेली साक्ष आपल्याच हातांनी पुसली जाते. रूढ नाव गाळावे असे नव्हे, कारण तेही लोकस्मृतीचा भाग आहे. परंतु शिलालेखातील नाव त्याच्या आधी आणि आधारासह दिले पाहिजे.

विखुरलेले साहित्य एकत्र करण्याचे मोल आंबेडकरी समाजास सांगण्याची आवश्यकता नाही. बाबासाहेबांचे अप्रकाशित लेखन त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर कित्येक वर्षे पेट्यांत पडून होते. वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने १९७९ साली पहिला खंड प्रकाशित केला आणि पुढील खंडांतून ते ग्रंथरूपाने समाजापुढे येऊ लागले. या खंडांसाठी कागद शोधणे, ओळखणे, जुळवणे व तपासणे हे सारे सोपस्कार करावे लागलेच.

उपसंहार

महाराष्ट्रातील शेकडो लेणी आज पाऊस, झीज आणि माणसांचा निष्काळजीपणा यांना तोंड देत उभी आहेत. येथे सुरुंगाची गरज नाही. दरवर्षी एखादे अक्षर झिजले तरी काही पिढ्यांत दानलेख नाहीसा होतो. आज बहुतेकांच्या हाती कॅमेरा असलेला फोन आहे. लेण्यांना भेट देणाऱ्या धम्मबांधवांनी स्वतःच्या छायाचित्राबरोबर एखाद्या स्तंभाचे चारही बाजूंनी, एखाद्या लेखाचे तिरप्या प्रकाशात, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. लेण्याचा क्रमांक, स्थान व दिनांक लिहावा. अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर खडू, तेल अथवा पाणी मुळीच लावू नये. निश्चित माहिती नसेल तेथे तर्काने नाव देऊ नये. घेतलेल्या प्रती एकाच ठिकाणी न ठेवता विहार, ग्रंथालय व अभ्यासक यांच्याकडे सोपवाव्यात. विहारांनीही अशा साहित्याची नोंदवही ठेवून जाणकारांकडून ती वेळोवेळी तपासून घ्यावी.

कार्ल्याच्या सामी सुताराने आपल्या वाट्याचे काम पूर्ण करून त्यावर आपले नाव कोरले. त्याच्या नावाची अक्षरे आज वाचता येतात तोवरच ती नीट टिपून घेणे हे आपल्या वाट्याचे काम आहे.